हिरव्या ब्लाउजला काळा दोरा

डॉक्टर मला दर महिन्याला एकच प्रश्न विचारायचे, "गोळ्यांनी काही त्रास?" आणि मी दर महिन्याला मान हलवून म्हणायचे, "काही नाही." सुरुवातीला ते खरं होतं. पुढचे दोन महिने मात्र मी धडधडीत खोटं बोलले, आणि त्या खोट्यापायी माझे डोळे जायची वेळ आली.

मी शिवणकाम करते. शहागडला हायवेपासून दोन गल्ल्या आत आमचं घर आहे. आता माझ्याकडे सात-आठ मुली शिवण शिकायला येतात. त्यातल्या एकीच्या आईला मागच्या महिन्यात टीबी निघाला. पोरगी काजं करता करता रडायला लागली. तिला म्हटलं, "रडू नको. मी लिहून देते, ते आईला वाचून दाखव." तोंडी सांगायला गेले की मी अवघड जागा आली रे आली की चेष्टेवर नेते, ही माझी जुनी खोड आहे. कागदावर तशी पळवाट सापडत नाही. म्हणून हे लिहिणं.

ब्लाउज सैल झालं तेव्हा

ही गोष्ट आठ-दहा वर्षांपूर्वीची. दिवाळीच्या कपड्यांची घाई होती आणि मला खोकला लागलेला. कापडाची धूळ असेल, थंडी असेल, असं सगळे म्हणत होते आणि मलाही तेच सोयीचं होतं. गावभरच्या बायकांची मापं मला तोंडपाठ, पण माझं स्वतःचं माप बदललंय हे कळायला माझंच ब्लाउज दोन्हीकडून दोन-दोन बोटं आत घ्यावं लागलं. त्याच आठवड्यात खोकल्यातून रक्त पडलं. मग मात्र हे मला जालन्याला घेऊन गेले.

हे म्हणजे माझे मालक. ट्रक चालवतात. महिन्यातले वीस दिवस घराबाहेर.

छातीच्या डॉक्टरांनी फोटो खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "टीबी आहे." मी पहिला प्रश्न काय विचारावा? विचारलं, "मला शिवता येईल ना?" ते म्हणाले, "शिवा की. गोळ्या मात्र एक दिवस चुकवायच्या नाहीत."  हे हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. अंबडला गाडी थोडी रिकामी झाली तसे हे उठले. म्हणाले, "पुढं बसतो जरा. हवा लागंना इथं." आयुष्यभर ट्रकच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला हवा लागत नव्हती! मी हसले असते, पण हसलं की खोकला यायचा. अंबडपासून शहागडपर्यंत मी त्यांच्या मानेकडे बघत आले.

मागची खोली

घरी आल्या आल्या माझी लेक मनी, तेव्हा सहा वर्षांची, तिला माझ्या भावाकडे घनसावंगीला पाठवून दिलं. मीच म्हटलं पाठवा. जीपमध्ये बसताना ती मला बिलगायला आली आणि मी दोन पावलं मागं सरले. तिचं तोंड कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही.

मला मागची पत्र्याची खोली मिळाली. तिथं आधी कडबा आणि जुनी अवजारं असायची. यांनी ती रिकामी करून दिली, शिलाई मशीन आत आणून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले. माझी ताटली वेगळी, पेला वेगळा. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, ताटली उंबऱ्याच्या आत सरकवायच्या आणि बाहेरूनच विचारायच्या, "घेतल्या का गोळ्या?" मी "घेतल्या" म्हणायचे. दिवसाचं एवढंच बोलणं. त्या वाईट नव्हत्या. त्यांचा धाकटा भाऊ याच आजारानं गेला होता, आणि तेव्हा गोळ्या नव्हत्या. त्यांना भीती वाटायची आणि ती लपवायची सवय त्यांना नव्हती.

गिऱ्हाइकं तुटली. कुणी भांडून गेलं नाही. "घाई न्हाई गं, तू बरी हो आधी," असं म्हणून कापडं परत नेली. मी रिकामं मशीन चालवायचे. दोरा न घालता, नुसतंच. आवाज तरी होतो म्हणून.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. घरात मिसळा." मी घरी येऊन तसं सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "बरं." आणि ताटली उंबऱ्यावरूनच आत आली. डॉक्टरांचं म्हणणं सगळ्यांनाच पटलं होतं, फक्त पुढं कुणी यायचं एवढाच प्रश्न होता.

लाल लघवी

आता एक मागची गोष्ट सांगते, कारण पुढच्या मूर्खपणाचं मूळ तिच्यात आहे.

गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात मला लघवी लाल-नारिंगी झाली. माझी पाचावर धारण बसली. वाटलं, आता तिथूनही रक्त चाललं. कुणाला न विचारता एसटी पकडून एकटी जालन्याला गेले, तीन तास बाकावर बसले आणि नंबर आल्यावर सांगितलं. डॉक्टर हसले. कंपाउंडरही हसला. डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, ती लाल गोळी आहे ना, तिचा रंग उतरतो. सांगायचं राहिलं माझं. असं प्रत्येक गोष्टीला घाबरून कसं चालेल?"

माणूस भला होता. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या मागं बाकावर पाच-सहा बाया-बाप्ये बसले होते, आणि दार उघडं होतं. मी कानकोंडी झाले. परतीच्या वाटेवर मनाशी ठरवूनच टाकलं की आता मेले तरी या माणसाला काही सांगायचं नाही.

काशाची वाटी

माघ संपता संपता डोळ्यांपुढं धूसर व्हायला लागलं. सुईत दोरा ओवायला मला कधी वेळ लागला नव्हता, आता तीन-तीनदा चुकायचा. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे पुसट झाले. त्यातला रविवारचा लाल तर मातकटच दिसायला लागला. मला वाटलं, कॅलेंडर उन्हानं उडालं.

एक दिवस आत्याबाई ताटली ठेवून जात होत्या. मी सहज बोलून गेले, "डोळ्यांपुढं धुकं आल्यासारखं होतंय."

त्या थांबल्या. "गोळ्या गरम पडल्या तुला," त्या म्हणाल्या. "गरमी वर चढली डोळ्यात. बिलकुल तीच."

आमच्याकडे औषध लागू पडतं, नाहीतर गरम पडतं. तिसरं काही त्याला येत नाही. ताक सुरू झालं, सब्जा सुरू झाला. आणि त्या दिवशी दिवेलागणीला आत्याबाई खोबरेल आणि काशाची वाटी घेऊन आल्या आणि उंबरा ओलांडून आत आल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"आण पाय," म्हणाल्या.

मी पाय आखडून घेतले. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा? हे कुठल्या घरात चालतं?

"आत्याबाई, नको. पाप लागंल मला."

"लागू दे. आण म्हन्ते ना! जल्दी आण, सैपाक व्हायचाय माझा."

त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, तळव्याला तेल लावलं आणि वाटी घासायला लागल्या. टाचेपासून बोटांपर्यंत, परत टाचेपर्यंत. काशानं तेल काळं पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या मला तळवा दाखवून म्हणाल्या, "बघ, केवढी गरमी निघाली!" मी बघितलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. चार महिन्यांत मला कुणाचा हात लागला नव्हता. डॉक्टरांची नळी तेवढी लागायची पाठीला, ती गार असायची.

त्यानंतर त्या रोज यायच्या. घासता घासता बोलायच्याही. गल्लीत कुणाचं काय, भावाचा निरोप आला का, मनीनं शाळेत काय केलं. मी दिवसभर त्या वेळेची वाट बघायचे.

आणि डोळे? डोळे दर आठवड्याला थोडे थोडे जात होते. मला कळत होतं. शिवणाऱ्या बाईला डोळ्याचं कळणार नाही तर कुणाला कळणार? पण महिन्याच्या फेरीला डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्यांनी काही त्रास?" तेव्हा मी म्हटलं, "काही नाही." एक तर ते पुन्हा हसतील. आणि दुसरं, जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, ते हे: त्यांनी डोळ्यात घालायला थेंब दिले आणि डोळे बरे झाले, तर आत्याबाई उंबऱ्याच्या आत कशाला येतील? पायाला लागणाऱ्या त्या हातासाठी मी माझे डोळे गहाण टाकले होते. हे लिहितानाही लाज वाटते. पण एकटेपणात माणूस कसा विचार करतो, ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

हळदीचं ब्लाउज

चैत्रात आमच्या गल्लीतल्या गयाकाकू आल्या. त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. हळदीला नेसायच्या हिरव्या साडीवरचं ब्लाउज त्यांनी माझ्याकडे शिवायला आणलं होतं. आणि बाहेर उभ्या न राहता खोलीत येऊन मशीनवर ठेवलं.

"काकू, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

"लोकायला म्हणू दे. तुझ्यासारखा गळा कुणाला जमतो का? आठ दिसांत दे फक्त."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदानं. रिळांचा डबा उघडला. हिरव्या कापडाला हिरवं रीळ, त्यात काय बघायचं? कापडाशेजारी रीळ धरलं, उजेडात नेलं, बरोबर वाटलं. शिवताना टाके दिसायचे नाहीत, तर बोटानं चाचपून शिवलं. गळ्याला पाठीमागून दोऱ्याची वेलही काढली, कुणी न सांगता. माझ्याकडून त्या पोरीला तेवढंच. आठव्याच्या ऐवजी सहाव्या दिवशी ब्लाउज आत्याबाईंच्या हाती पाठवून दिलं.

तासाभरात गयाकाकू परत आल्या. दारातूनच त्यांनी ब्लाउज माझ्या मांडीवर टाकलं. 

"सुमन, काय वाईट केल्तं गं मी तुझं? सारी गल्ली न्हाई म्हणत व्हती, तरी मी तुझ्याकडं आल्ते. अन् तू माझ्या लेकीच्या हळदीला काळा दोरा घातला?"

हळदीच्या कपड्यात काळं चालत नाही. काळ्या मण्यांखेरीज नवरीच्या अंगावर काळं नको, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मी म्हटलं, "काळा कुठं? हिरवा आहे की काकू."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी ब्लाउज उचललं, दाराच्या उजेडात धरलं. "हे बघा ना. हिरव्यावर हिरवा."

 मागं आत्याबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून ब्लाउज घेतलं, वेलीवरून बोट फिरवलं. मग रिळांचा डबा ओढला आणि एकेक रीळ माझ्यापुढं धरायला लागल्या.

"ह्ये कोणतं?"

"हिरवं."

"ह्ये?"

"तपकिरी."

"अन् ह्ये?"

"तेही तपकिरी. थोडं फिकं."

पहिलं रीळ काळं होतं, दुसरं लाल आणि तिसरं हिरवं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त आत्याबाईंचा हात खाली गेलेला दिसला, आणि गयाकाकू जमिनीवर माझ्याशेजारी बसल्या ते दिसलं. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला होता.

"ही गरमी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, तेवढा रंग मला दिसत होता. "मी गरमी म्हणून घासून राह्यले, अन् पोरीचे डोळे चाल्लेत. सकाळची पहिली गाडी धरायची. मी येते संगं."

पुन्हा जालना

बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या आणि उतरेपर्यंत उठल्या नाहीत.

डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "काही त्रास?" मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी पिशवीतून तीन रिळं आणि ते ब्लाउज काढून टेबलावर ठेवलं. "डॉक्टरसायेब, ह्या तिन्हीतलं लाल कोणतं ते इला विचारा."

त्यांनी विचारलं. मी चुकले. ते हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांपुढं मला उभं केलं, एकेक डोळा झाकायला लावला. वरच्या दोन ओळींच्या खाली मला काही वाचता आलं नाही. मग त्यांनी माझ्या गोळ्यांमधली एक वेगळी काढली आणि म्हणाले, "ही आजपासून बंद. लगेच. बाकीच्या चालू ठेवायच्या." इथॅम्ब्युटॉल असं तिचं नाव. क्वचित कुणाच्या डोळ्याच्या शिरेला ती बाधते, त्यात लाल-हिरवा आधी जातो, असं त्यांनी समजावलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

"किती दिवसांपासून होतंय?"

"दोन महिने."

"दोन महिने! मग मी विचारत होतो तेव्हा सांगितलं का नाही?"

मी टेबलावरचं ब्लाउज उचलून त्याची घडी घालायला लागले. मग तेच म्हणाले, "लघवीचं सांगायला आला होतात तेव्हा मी हसलो होतो, नाही का?" मी मान हलवली. ते चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "या गोळीवर असणाऱ्याला डोळ्यांचं वेगळं विचारायला पाहिजे होतं. नुसतं 'काही त्रास' विचारून भागत नाही. चूक माझी आहे, बाई." डॉक्टर माणूस आपली चूक म्हणतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. खूप थकवा आला.

मी विचारलं, "डोळे परत येतील?"

"बहुतेक येतील. पण नक्की नाही सांगता येत. थोडं आधी आला असतात, तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं."

निघताना त्यांनी लाल आणि हिरवं रीळ मागून घेतलं. पुढच्या फेरीला गेले तर दोन्ही त्यांच्या टेबलावर, पेनांच्या डब्याशेजारी उभी होती. माझ्या पुढचा एक बाबा पागोटं सावरत त्यांना सांगत होता, "ह्ये लाल, ह्ये हिरवं. मी काय ल्हान पोरगं हाय का सायेब?" डॉक्टर म्हणाले, "बराबर. दर महिन्याला विचारणार मी."

एवढं ऐका

म्हणून त्या पोरीच्या आईला माझं सांगणं आहे. आपल्या मनानं एकही गोळी बंद करू नका. पण गोळ्या सुरू झाल्यावर डोळ्यांत, कानांत, हातापायांत, पोटात, अंगाच्या रंगात, जे काही आधी नव्हतं आणि आता आहे, ते त्याच आठवड्यात जाऊन सांगा. फेरीची वाट बघू नका. गरम पडलं म्हणून घरात बसू नका. हसले तर हसू द्या. नऊ वेळा काही निघणार नाही आणि हसू होईल, दहाव्या वेळी डोळे वाचतील. आणि एकटं जाऊन सांगवत नसेल तर कुणालातरी बरोबर न्या. बरोबर न्यायला कुणी नसेल, तर मी आहे. शहागडच्या स्टँडवर शिवणवाली सुमन विचारलं की घर दाखवतात.

आण पाय

डोळे हळूहळू परत आले. आधी कॅलेंडरचे आकडे, मग सुईचं नाक. रंगांना मात्र पुढची दिवाळी उजाडली. गर्द हिरवा आणि काळा दोरा संध्याकाळच्या उजेडात मला अजूनही ओळखता येत नाही. तो मी मुलींना निवडायला लावते. गयाकाकूंच्या लेकीचं ब्लाउज आत्याबाईंनी आणि काकूंनी मिळून उसवलं, आणि पाठीला नवं कापड घालून दुसरीकडून शिवून घेतलं. काळ्या दोऱ्याची ती वेल काकूंनी टाकली नाही. कापडाचा तो तुकडा अजून त्यांच्या पेटीत आहे.

मनी जूनमध्ये शाळेसाठी परत आली. जीपमधून उतरली आणि लांबच उभी राहिली, मी पुन्हा मागं सरेन म्हणून. मीच पळत गेले. हेही घरी होते त्या दिवशी. रात्री जेवायला पान घेऊन माझ्या शेजारी बसले. अंबडच्या त्या सीटबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता विचारणारही नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या एका संध्याकाळचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं होतं की सुधारणा चांगली आहे, काळजीचं कारण नाही. आत्याबाई बरोबरच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. घरी आलो. मी मागच्या खोलीत जाऊन बसले. मनात म्हटलं, आता संपलं. आता ताटली उंबऱ्यावरून येईल.

दिवेलागण झाली आणि आत्याबाई आत आल्या. एका हातात खोबरेल, दुसऱ्या हातात काशाची वाटी.

"आण पाय."

मी म्हटलं, "आत्याबाई, डोळे बरे व्हायला लागलेत. गरमीबिरमी नव्हतीच ती. डॉक्टरांनी सांगितलं की तुमच्यासमोर."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. खाली बसल्या आणि पदर सावरून मांडी घातली. "आण पाय."